देवाचे नाव आणि माणसाचे मत

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी दिल्लीला घटना समितीत एक विलक्षण मतदान झाले. राज्यघटनेची उद्देशिका मंजूर करण्याचे काम चालू होते. ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांच्या आधी ‘ईश्वराच्या नावाने’ असे शब्द घालावेत, अशी सूचना ह. वि. कामत यांनी मांडली. पूर्णिमा बॅनर्जी यांनी त्यांना विनंती केली, की ईश्वराविषयी मत द्यायच्या पेचात आम्हाला टाकू नका. पण कामत आपल्या सूचनेवर ठाम राहिले. अखेर हात वर झाले. सूचनेच्या बाजूने ४१, विरुद्ध ६८.

हा प्रसंग कोणाला सांगितला की ऐकणारा प्रथम हसतो. ‘म्हणजे देव पडला म्हणा की!’ असे आमच्या वर्गातील एकाने ऐकताक्षणीच म्हटले होते. परंतु विरोधात हात वर करणारे ते ६८ जण काही देवाचे वैरी नव्हते. हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप अगदी सरळ होता. श्रद्धा ही माणसाच्या अंतःकरणातील सर्वांत पवित्र गोष्ट. ती सर्वांच्या वतीने कागदावर लिहून टाकणे म्हणजे ज्याची ती नाही त्याच्यावर लादणे होय. आणि ज्या उद्देशिकेत विचाराचे, विश्वासाचे, श्रद्धेचे व उपासनेचे स्वातंत्र्य देण्याचे वचन आहे, तिच्याच पहिल्या ओळीत हे लादणे कसे शोभेल?

गंमत अशी, की त्याच घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वराला जागा आहे. मंत्र्याला किंवा आमदाराला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते. ज्याला ते नको असेल, तो गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. दोहोंचे वजन एकच. म्हणजे ‘मी’ म्हणणारा माणूस देवाचे नाव घेऊ शकतो, ‘आम्ही’ म्हणणारे राष्ट्र ते घेत नाही. घटनाकारांनी हे मुद्दाम असे मांडले असेल किंवा नसेल; पण धर्म आणि राजकारण या विषयावर आजवर जे काही वाचले, ऐकले, त्यात मला याहून नेमके दुसरे काही आढळलेले नाही.

आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेत हा विषय दर दोन-तीन वर्षांनी हटकून येतो, आणि त्यावरची भाषणेही ठरलेली असतात. एक पक्ष सांगतो, की धर्म ही घरात ठेवण्याची गोष्ट, ती राजकारणात आणू नये. दुसरा म्हणतो, की धर्म म्हणजे नीती, नीतीवाचून राजकारण म्हणजे निव्वळ लुटालूट. टाळ्या दोघांनाही पडतात. परीक्षक ‘दोन्ही बाजू समर्थपणे मांडल्या गेल्या’ असे सांगून चषक देतात आणि सगळे चहाला जातात. मला या दोन्ही भाषणांचा फारसा उपयोग वाटत नाही. धर्म राजकारणात यावा की न यावा, हा प्रश्न विचारायला आपण उशीर केला आहे; तो केव्हाच आलेला आहे. तो कोणाच्या तोंडून येतो, हे पाहायला हवे. स्वतःसाठी, स्वतःच्या जबाबदारीवर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून, की दुसऱ्यांची मते आपल्या खिशात आहेत असे गृहीत धरून सौदा करायला बसलेल्या पुढाऱ्याच्या तोंडून?

क्रमिक पुस्तकांत धर्मनिरपेक्षतेची व्याख्या देताना अमेरिका आणि फ्रान्स यांची उदाहरणे देतात. अमेरिकेने १७९१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीने राज्याला स्वतःचा धर्म स्थापन करण्यास मनाई केली. फ्रान्सने १९०५ साली कायदा करून चर्च व राज्य यांची फारकत केली. मग विद्यार्थी आपली घटना उघडतो आणि गोंधळतो. पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्य देते, आणि त्याच कलमाचे पोटकलम सांगते, की सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करणारा कायदा राज्याला करता येईल. सत्ताविसावे कलम म्हणते, की एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कोणाकडूनही कर घेता येणार नाही. आणि २९०-अ हे कलम केरळ राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम् निधीला द्यायला सांगते. (त्यामागे संस्थानाच्या विलीनीकरणाचा इतिहास आहे, पण परीक्षेत ‘भिंत’ हा शब्द लिहून आलेल्याला हे कलम कोणी दाखवू नये.)

आपल्याकडे ती भिंत का उभी राहिली नाही? भिंत नको म्हणून नव्हे, तर भिंतीच्या पलीकडे विहीर होती म्हणून. फ्रान्समध्ये लोकांना चर्चपासून सुटका हवी होती. इथे धर्म नुसता देवळात बसलेला नव्हता. तो पाणवठ्यावर, रस्त्यावर, शाळेच्या ओसरीवर बसलेला होता. महाडचेच घ्या. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर सगळे झाले होते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत कोणा अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी पिता आले नाही. आणि त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी यांनी ते प्यायल्यावर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्यावरचा खटला उच्च न्यायालयातून सुटायला १९३७ साल उजाडले. अशा देशात राज्याने ‘धर्म ही तुमची खासगी बाब, आम्ही त्यात पडणार नाही’ असे म्हणणे म्हणजे तळ्याच्या काठावर काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाची बाजू घेणे होते. तेव्हा राज्याला धर्मात पडणे भागच होते. वादाला जागा आहे ती राज्याने कोणाच्या हाकेला ओ द्यायची याविषयी.

या ठिकाणी मला पंढरपूरचा विचार करावासा वाटतो. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा काढला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरास उपोषण आरंभले. १० मे रोजी ते सुटले. याला धर्म राजकारणात आणणे म्हणायचे की नाही? एका अर्थाने निश्चितच म्हणायचे. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. पण गुरुजी काय म्हणत होते आणि कोणाला म्हणत होते, हे पाहावे. ते स्वतः भक्त होते आणि आपल्यासारख्याच भक्तांना सांगत होते, की तुमचे वागणे तुमच्याच देवाला शोभत नाही. कोणत्याही परक्याकडे बोट दाखवून ते आपल्या लोकांची एकी करत नव्हते. उलट आपल्याच लोकांत त्यांनी फूट पाडली असे म्हणावे लागेल. कोणाची मते ते मागत नव्हते. पणाला लावले होते ते स्वतःचे प्राण. उपोषण हाही एक प्रकारचा दबावच, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. ज्यांच्यासाठी हे दार उघडायचे, त्यांच्या सर्वांत मोठ्या नेत्याने काळाराम मंदिराचा सत्याग्रह करून पाहिला, आणि १९३५ साली येवल्यास हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, हेही विसरता येत नाही. तरीदेखील धर्माने राजकारणात यावे तर ते असे यावे, असे मला वाटते. बोलणारा स्वतःच्या धर्माला प्रश्न विचारतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो.

आता याच पंढरपुरातील आजची एक गोष्ट. आषाढी एकादशीला पहाटे राज्याचे मुख्यमंत्री विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात. त्यांच्याबरोबर रांगेतून निवडलेल्या एका वारकरी जोडप्याला मान मिळतो. २०१८ साली आंदोलनाच्या तणावामुळे मुख्यमंत्र्यांनी पंढरपूरला न जाता मुंबईला आपल्या निवासस्थानी पूजा केली. देवाच्या नित्याच्या क्रमात त्यामुळे काही अडले नाही. या महापूजेविषयी आमच्या वर्गात कडाक्याचे मतभेद आहेत. माझे मत विचाराल तर मुख्यमंत्र्यांनी विठ्ठलाला जरूर जावे. तो त्यांचा हक्क आहे आणि बडव्या-उत्पातांचे अधिकार काढून घेणारा कायदा १९७३ साली सरकारनेच केला, जो सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निर्णयाने अखेर पक्का झाला. म्हणून व्यवस्था पाहणेही सरकारचे काम. फक्त ‘शासकीय’ हा शब्द मला खटकतो. शासन कोणाचे भक्त नसते. मुख्यमंत्र्यांना भक्त म्हणून जायचे असेल तर दर्शनबारी आहेच. आषाढीला तिथे किती तास उभे राहावे लागते, हे एकदा प्रत्यक्ष कळल्यास पंढरपूरच्या नागरी सोयींचेही भले होईल.

असो. मुख्य मुद्द्याकडे वळू. राज्याने कोणाच्या हाकेला ओ द्यायची, या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रजासत्ताकाने वारंवार चुकीचे दिले आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईला विधिमंडळावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. सात बायका. आजकाल एखाद्या वॉर्डातील नळ बंद पडला तरी याहून मोठा मोर्चा निघतो. त्यांची मागणी होती, की तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना एक कायदा लावा. त्या मुस्लिम होत्या, आपल्या धर्मातील आपल्या स्थितीबद्दल बोलत होत्या, आणि दाद मागत होत्या ती आपल्या सरकारकडे. पंढरपूरच्या दारात जे घडले तेच इथे घडत होते. पण सरकारने पाहिले ते असे, की या सात जणींच्या मागे किती मते आहेत? आणि त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या मौलवींच्या मागे किती? दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. हे नाव घेताना त्यांच्यासमोर जोतीराव फुले यांचा १८७३ सालचा सत्यशोधक समाज होता, हे उघड आहे. १९७७ साली ते वारले. सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक बेकायदा ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली. पुढे २०१९ साली कायदा झाला, त्यात तलाक उच्चारणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोणी द्यायची, ही शंका स्त्रियांच्या बाजूने काम करणाऱ्यांनीच विचारली होती. ती मला रास्त वाटते.

मधल्या काळातील एक प्रकरण तर सर्वांना ठाऊक आहे. इंदूरच्या शाहबानो या वृद्ध स्त्रीला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवून दिली होती. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १७९ रुपये २० पैसे! एवढ्या रकमेवरून या देशाचे राजकारण ढवळून निघाले. मुस्लिम पुढाऱ्यांनी मोर्चे काढले आणि १९८६ च्या मे महिन्यात संसदेने कायदा करून तो निर्णय निष्प्रभ केला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला फैजाबादच्या जिल्हा न्यायालयाच्या हुकुमाने अयोध्येतील वादग्रस्त वास्तूचे कुलूप उघडण्यात आले, आणि अनेक अभ्यासकांनी या दोन घटनांची सांगड घातली आहे. एका समाजाच्या पुढाऱ्यांना हे, दुसऱ्या समाजाच्या पुढाऱ्यांना ते. या हिशेबात शाहबानो कुठे आहे? अयोध्येत मुकाट्याने दर्शनाला जाणारा सामान्य भाविक तरी कुठे आहे? दोघांच्याही वतीने दुसरेच कोणी बोलले आणि सरकारने ते समाजाचे बोलणे समजून ऐकले.

हा रोग एका धर्माचा नाही, हे सांगायला नको. हिंदू स्त्रीला वारसा आणि घटस्फोट यांचा हक्क देणारे हिंदू कोड बिल रेंगाळत ठेवले गेले, तेव्हा १९५१ साली बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या वेळीही संसदेच्या दाराशी ‘हिंदू समाजाच्या वतीने’ बोलणारे जमले होतेच. ज्यांच्या हक्काविषयी ते बिल होते त्या बायकांना कोणी विचारले नव्हते. ते कायदे तुकड्या-तुकड्यांनी १९५५ आणि १९५६ साली झाले.

मुंबई राज्यात तर याविषयी एक फार चांगला प्रयत्न झाला होता, पण त्याची आठवण आज फारशी कोणाला नाही. १९४९ साली मुंबई सरकारने बहिष्कारविरोधी कायदा केला. कोणत्याही धर्मसमाजाने किंवा जातीने आपल्या माणसाला वाळीत टाकायचे नाही, असा तो कायदा. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. धर्माच्या आधारावर बहिष्कृत करणे हा त्या संप्रदायाच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. म्हणजे धर्मस्वातंत्र्य संप्रदायाला मिळाले. ज्याला त्याने बाहेर काढले त्या माणसाच्या स्वातंत्र्याचे काय, हे मागे राहिले. पुढे जातपंचायतींच्या छळाची प्रकरणे एकामागून एक बाहेर आली, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्याविरुद्ध मोहीम उघडली, आणि २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला. दाभोलकर तो पाहायला नव्हते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला होता.

या सगळ्या उदाहरणांत एक माणूस सारखा दिसतो. तो धर्माबाहेरचा नाही. तो धर्माच्या आतच उभा राहून ‘मला हे पटत नाही’ असे म्हणतो. प्रजासत्ताकाची खरी गरज असते ती त्याला. ज्याच्या मागे सगळी जात, सगळा पंथ आहे, त्याला घटनेच्या संरक्षणावाचूनही बरे चालते. आणि राजकारणात धर्माचे गठ्ठे बांधायला लागले की सर्वांत आधी या माणसाचे तोंड बंद करावे लागते, कारण गठ्ठ्यातून एक काडी निसटली की दोरी सैल पडते.

आता मतदानाचा कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाप्रमाणे धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत मागणे हा भ्रष्टाचार आहे. या कलमाची मोठी परीक्षा आपल्या मुंबईतच झाली. १९८७ साली विलेपार्ले मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्या प्रचारात शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ साली ती निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ठाकरे यांचा मतदानाचा हक्क पुढे सहा वर्षांसाठी गेला. पण त्याच दिवशी, त्याच न्यायालयाने मनोहर जोशी यांची निवड मात्र वैध ठरवली. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, या त्यांच्या विधानात मतांची याचना नाही, ती केवळ आशा आहे, असे न्यायालयाला वाटले. निवडणुकीच्या सभेत उमेदवार व्यासपीठावर उभा राहून निव्वळ आशा व्यक्त करतो, समोरच्या श्रोत्यांकडून त्याला काहीच नको असते, हे मानायला माझ्यासारख्या अडाण्याला जड जाते.

पुढे २०१७ च्या २ जानेवारीला सात न्यायाधीशांच्या पीठापुढे हाच प्रश्न पुन्हा आला. प्रकरण पुन्हा मुंबईचेच, सांताक्रूझच्या १९९० सालच्या निवडणुकीचे. ‘त्याच्या धर्माच्या आधारावर’ यातील ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या? फक्त उमेदवाराच्या, की मतदाराच्याही? चार विरुद्ध तीन मतांनी ठरले, की मतदाराच्याही. मला निकाल मान्य आहे. पण त्या तीन न्यायाधीशांचे म्हणणे आपण सर्वांनी वाचावे असे आहे. ज्यांना जातीमुळे किंवा धर्मामुळे शतकानुशतके डावलले, त्यांनी त्या अन्यायाचा उल्लेख निवडणुकीत करायचाच नाही काय? आपली जात सांगितल्याशिवाय चवदार तळ्याची गोष्ट कशी सांगायची? ही शंका खरी आहे. त्यावर माझ्यापुरते उत्तर असे, की ‘माझ्यावर माझ्या जातीमुळे हा अन्याय झाला, तो दूर करणाऱ्याला मत द्या’ असे म्हणणारा समोरच्याला विचार करायला सांगतो. परजातीच्या माणसालाही ते ऐकता येते, पटले तर पटते. ‘मी तुमचा आणि तो त्यांचा’ असे म्हणणारा समोरच्याला विचार करू नको असे सांगतो. न्यायालयात ही रेघ ओढणे अवघड जाईल, हे मान्य. सभेत बसलेल्याला मात्र फरक लगेच कळतो.

आजवर मी दिल्ली-मुंबईच्या गोष्टी सांगितल्या; पण आपले महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे आणि आपल्यापैकी बहुतेक जण एस.टी.ने खेड्यांतून येतात. आपल्याकडे धर्म राजकारणात येतो तो अयोध्येहून येत नाही, तो गावच्या देवळातून येतो. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांतील निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. कारण पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती, आणि तो पैसा देवळासाठी होता.

यावर आमच्याकडे अनेकांनी म्हटले, की यात वाईट काय? पैसा कोणाच्या खिशात गेला नाही, देवाच्या कामी लागला असता. एरवी निवडणुकीत दारू वाहते, भाऊबंदकी पेटते, डोकी फुटतात. त्यापेक्षा गाव बिनविरोध झाले आणि वर मंदिर मिळाले. हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांनी गावची निवडणूक जवळून पाहिली आहे, त्यांना त्यातील कळकळ कळेल. पण त्या गावात जो दोन कोटी बोलू शकत नाही, त्याने काय करायचे? ज्या बाईला सरपंच व्हायचे असेल, जिच्याकडे बोली लावायला गळ्यातले मणीही नसतील, तिने अर्ज भरला तर ती कोणाविरुद्ध उभी राहील? दुसऱ्या उमेदवाराविरुद्ध नव्हे. ती देवळाविरुद्ध उभी राहील. ‘हिच्यामुळे देवाचे काम अडले’ असे तिच्या दारात येऊन सांगितले जाईल. आत उभे राहून ‘मला पटत नाही’ म्हणणारा माणूस इथेही तोच आहे; फक्त त्याच्यावर मोर्चा आणायची गरज पडत नाही, नुसते पारावरून बघितले तरी पुरते.

आणि लिलाव क्वचित होतो; बेलभंडारा तर सगळीकडे उचलला जातो. मतदानाच्या आधीच्या रात्री वस्तीवरच्या माणसांना देवळात नेतात, हातावर बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा ठेवतात, आणि देवासमक्ष शब्द घेतात. पाकीट त्याआधी पोहोचलेले असते. सरकारने मतदान गुप्त राहावे म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, यंत्रे आणली. पण आदल्या रात्रीच ज्याने मत देऊन टाकले, त्याला आडोसा कशापासून? आमच्या गावची एक आजी मात्र वस्ताद आहे. ती म्हणते, ‘म्या सबूद दिला त्यो पाकीटवाल्याला. देवानं कुठं मागितला व्हता?’ सर्वांनाच अशी हिंमत नसते. घरात एखादे लहान मूल आजारी पडले की पहिली आठवण त्या शपथेचीच येते.

कायद्याला हे माहीत नाही असे समजू नका. मतदाराला दैवी कोपाची भीती घालणे हा गुन्हा आहे, असे भारतीय दंडविधानात १९२० सालीच घालण्यात आले होते. २०२४ मध्ये जी नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही तो आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यातही तेच शब्द आहेत आणि १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील सिरसा मतदारसंघाची निवडणूक याच कारणासाठी रद्द ठरवली होती. नामधारी पंथाच्या गुरूंनी अनुयायांना अमुक उमेदवाराला मत द्या असे फर्मान काढले होते. याशिवाय धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ सालचा कायदा आहे. देवळाची, मशिदीची, कोणत्याही प्रार्थनास्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरू देणाऱ्या व्यवस्थापकाला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मग तक्रार का होत नाही? कारण तक्रार करायची तर आपण बेलभंडारा उचलला हे सांगावे लागेल, आणि ते सांगणे म्हणजेच शपथ मोडणे, असे लोक समजतात. शिवाय पाकिटाचाही प्रश्न असतोच.

तेव्हा मतदाराने तक्रार करावी ही अपेक्षा सोडून देऊन आम्ही तिघा-चौघांनी वेगळी वाट धरायचे ठरवले आहे. १९८८ च्या त्या कायद्याची कलमे आम्ही सोप्या मराठीत उतरवून काढली आहेत. पंचायतीची निवडणूक जाहीर झाली, की ती प्रत घेऊन गावातील देवस्थानच्या विश्वस्तांकडे जायचे, ती वाचून दाखवायची आणि मतदानाच्या आदल्या रात्री देवळाला कुलूप राहील असे लेखी मागायचे. दर्ग्याच्या मुजावरांनाही हेच सांगायचे. विश्वस्त काय म्हणतील याचा अंदाज आम्हाला आहे. आमच्या गावच्या मंडळाच्या अध्यक्षांचा पुतण्याच या वेळी दोन नंबर वॉर्डातून उभा राहणार आहे.